सतरा नंबरचं सील

मापसाहेबांचा या जगात एकाच गोष्टीवर गाढ विश्वास होता: स्वतःच्या संशयावर. छत्तीस वर्षं ते वजनमापं तपासायच्या खात्यात निरीक्षक होते. त्या छत्तीस वर्षांत त्यांनी इतके खोटे काटे, पोकळ वजनं आणि बुडाला मेण चिकटवलेली मापं पकडली, की त्यांची स्कूटर बाजाराच्या तोंडाशी दिसली रे दिसली की आतल्या गल्लीतले तराजू आपोआप समतोल व्हायचे, असं म्हणतात. हे थोडं वाढवून सांगितलेलं असेल. पण निवृत्तीनंतर घरच्या स्वयंपाकघरातल्या काट्यात तीन ग्रॅमची तूट निघाली, तेव्हा त्यांनी बायकोला रीतसर लेखी नोटीस दिली, हे मात्र सोळा आणे खरं. बाईंनी त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिलं, "काटा तुम्ही आणलेला आहे." मापसाहेबांनी जुनी पावती शोधली. सही त्यांचीच. मग त्यांनी तितक्याच रीतसर लेखी माफी मागितली, तारीख घातली, सही ठोकली. तो कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. माणूस संशयी होता, लबाड नव्हता.

त्यांची गाडीही त्यांच्याच जातकुळीतली. डिझेलवर चालणारी, बावीस वर्षांची, सकाळी उठल्यावर घसा खाकरल्याशिवाय न बोलणारी. त्या गाडीतून ते आठवड्यातून दोनदा बाईंना टेकडीवरच्या इस्पितळात गुडघ्यांच्या व्यायामाला नेत. बस टेकडीच्या पायथ्याशीच थांबायची, आणि वरचे सात वळणांचे चढ बाईंच्या गुडघ्यांना परवडणारे नव्हते.

आणि नेमकी हीच गाडी आता पणाला लागली होती. बाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे मापसाहेबांचा मेव्हणा, याने नवी कोरी गाडी घेतली होती. ती इतकी शांत चालायची, की चालू आहे की बंद हे विचारावं लागे. तेव्हापासून त्याला बहिणीच्या जिवाची काळजी वाटू लागली.

"भावजी, ही गाडी नाही, हा धोका आहे धोका," तो म्हणायचा. "माझ्या ओळखीचा एक भंगारवाला आहे. चांगला भाव देईल."

"तुझ्या ओळखीचा आहे, म्हणूनच नको," मापसाहेब म्हणायचे.

शेवटी दूरगावी राहणाऱ्या लेकीने फोनवरून निवाडा दिला. "बाबा, पुढच्या शनिवारी मामा स्वतः ती गाडी टेकडीवर चढवून उतरवेल. नीट चालली तर ठेवा. नाही चालली तर विकायची. आणि या वयात नवी गाडी घ्यायची नाही, हे आत्ताच सांगते."

म्हणजे गाडी गेली तर मापसाहेबांचं गाडी चालवणं कायमचं गेलं. मग उरलेलं आयुष्य मेव्हण्याच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून, त्याची गाणी ऐकत. मापसाहेबांनी तो प्रसंग एकदा डोळ्यांसमोर आणून पाहिला आणि त्यांना जेवण गेलं नाही.

अशात आठवडाभर आधी चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने चाक काढलं आणि आत डोकावून जीभ टाळूला लावली. "काका, सगळीकडे ग्रीस उडलंय. एक्सलचा बूट फाटलाय तुमचा."

मापसाहेबांनी वाकून पाहिलं. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा म्हणजे एक्सल. तो चाकाला जिथे जुळतो तिथे एक सांधा असतो, माणसाच्या गुडघ्यासारखा, सगळीकडे वळणारा. त्या सांध्यातलं ग्रीस बाहेर सांडू नये आणि धूळ आत शिरू नये, म्हणून त्यावर घड्याघड्यांचा काळा रबरी बूट असतो. तो बूट एका घडीत चिरला होता, आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसची नक्षी उमटली होती. दुसऱ्या बाजूचं चाक काढलं तर तिकडचा बूटही भेगाळलेला. आज ना उद्या तोही जाणार.

"हे तूच फाडलं नाहीस ना?" मापसाहेबांनी विचारलं.

"काका, मी पंक्चर काढतो," पंक्चरवाला म्हणाला, "बूट फाडायचे वेगळे पैसे पडतात."

मापसाहेब आधी कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. काचेच्या टेबलामागे बसलेल्या मुलीने गाडी न बघता सांगितलं, की दोन्ही एक्सल पूर्ण बदलावे लागतील. तिने छापून दिलेला आकडा पाहून मापसाहेबांना वाटलं, एक शून्य चुकून जास्त पडलं असावं. त्यांनी तिला तसं सुचवलं. शून्य बरोबर होतं. मापसाहेबांनी कागदाची घडी घातली. इतकं महाग सांगतात म्हणजे नक्की लुबाडतात.

मग ते रेल्वे फाटकापलीकडच्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री पंचेचाळिशीचा, तारेसारखा बारीक. त्याला लोक 'तीनशब्दी' म्हणत, कारण चौथा शब्द बोलायचा तर आधी पाना खाली ठेवावा लागतो अशी त्याची समजूत होती. त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक हाताने फिरवलं, डावी-उजवीकडे वळवलं, कान लावला.

"आवाज येतो वळताना?"

"नाही."

"मग सांधा शाबूत." त्याने चाक पुन्हा फिरवलं. "फक्त बूट बदलू."

"एक्सल नको?"

"कशाला?"

मजुरी त्याने जी सांगितली, ती वर्कशॉपच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नव्हती. मापसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. इतकं स्वस्त सांगतो म्हणजे नक्की काहीतरी लपवतो. एक तर हा जुनेच बूट धुऊन बसवेल, नाहीतर चिरलेले बूट गोंदाने चिकटवून देईल, नाहीतर आपला चांगला एक्सल काढून दुसऱ्याला विकेल आणि आपल्याला कुणाच्या तरी मेलेल्या गाडीचा बसवेल. महाग सांगणारा निदान तोंडावर लुबाडतो. स्वस्तवाल्याचं काय करायचं?

"बूट मी स्वतः आणणार," ते म्हणाले.

"आणा."

हे इतक्या चटकन कबूल केलं, म्हणजे यातही काहीतरी असणार.

सुट्या भागांच्या दुकानात मापसाहेबांनी दोन तास घालवले. त्यांनी बूट ओढून पाहिले, वाकवून पाहिले, हुंगून पाहिले. दुकानदार म्हणाला, "साहेब, चावून पाहायचे राहिलेत तेवढे." मापसाहेबांनी तेही केलं असतं, पण कवळी नवी होती. शेवटी त्यांनी दोन चांगले बूट, चार पट्ट्या आणि ग्रीसची दोन पाकिटं घेतली. घरी येऊन त्यांनी पाकीट सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवलं. वर छापलं होतं शंभर ग्रॅम, भरलं एकशे तीन.

"जास्त का भरलंय?" ते पुटपुटले.

"पाकिटाचं वजन असेल हो," बाई सोफ्यावरून म्हणाल्या.

"पाकीट दोन ग्रॅमचं आहे. उरलेला एक ग्रॅम फुकट का दिला, हा प्रश्न आहे."

पण खरा प्रश्न वेगळाच होता. हे बूट मिस्त्रीच्या हातात गेले, की ते हेच राहतील कशावरून? चांगले ठेवून घेईल, हलके बसवेल, आणि चाक लागलं की आत कोण बघतंय? मापसाहेब रात्रभर, म्हणजे साडेनऊ ते दहापर्यंत, विचार करत पडले. मग उठले आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक जुनी पक्कड काढली.

ही सील दाबायची पक्कड. खात्यात असताना तपासलेल्या काट्यात पीळ दिलेली तार ओवायची, तारेच्या टोकांवर शिशाची चकती चढवायची, आणि पक्कडीने दाबायची. चकतीवर उमटायचं त्यांचं आकडी निशाण: सतरा. पक्कड झिजली म्हणून खात्याने ती मोडीत काढली, तेव्हा मापसाहेबांनी अर्ज करून ती निरोपाची भेट म्हणून मागून घेतली होती. इतरांनी घड्याळं घेतली.

त्यांनी दोन्ही बुटांच्या अरुंद बाजूच्या पहिल्या घडीत तार गुंडाळली, चकती चढवली, दाबली. सतरा. आता बघू कोण बदलतो.

बाईंनी ते काळे बूट सील लावून टेबलावर ठेवलेले पाहिले. "अहो, दागिने आणलेत का मला?"

"पुरावा आहे तो. हात लावू नका."

सोमवारी सकाळी मिस्त्रीने बूट हातात घेतले आणि तारेवरून अंगठा फिरवला.

"तार काढावी लागेल."

"का?"

"रबराला काचेल."

मापसाहेब हसले. तसंच हसले, जसं ते पोकळ वजन हातात आल्यावर हसायचे. "रबराला काचेल की तुला काचेल? सील काढलं की बूट बदलायला मोकळा! छत्तीस वर्षं मी हेच ऐकत आलोय. 'साहेब, सील काढा, काटा अडतो.' कुठला अडतो? सील राहणार."

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं. मग पाना खाली ठेवला. आजूबाजूच्यांना वाटलं, आता चौथा शब्द येतो.

"घडी वळताना तार आत रुतेल, साहेब. चार दिवसांत चिरेल."

"राहणार म्हणजे राहणार. तुझा डाव मला कळतो."

"बरं," मिस्त्री म्हणाला, आणि पाना पुन्हा उचलला.

डाव्या बाजूचं काम मापसाहेबांनी स्टुलावर बसून, टॉर्च पाजळून, पापणी न लववता पाहिलं. मिस्त्रीने चाक काढलं, मधला मोठा नट सोडवला, दांडा बाहेर ओढला, जुना बूट कापून टाकला. सांधा उघडून डिझेलच्या डब्यात धुतला. आतून सहा पोलादी गोळ्या निघाल्या. मापसाहेबांनी त्या मोजल्या, फडक्याने पुसल्या, सोबत आणलेल्या काट्यावर तोलल्या आणि वजन वहीत टिपलं. बसवण्याआधी परत तोलल्या.

"भरलं?" मिस्त्रीने विचारलं.

"भरलं."

"अंडी घालत नाहीत."

शेजारी बसलेल्या रिक्षावाल्याला हसू आवरेना, पण मापसाहेबांनी नुसतं पाहिलं तसा तो आपली रिक्षा पुसायला लागला. मिस्त्रीने सांध्यात नवं ग्रीस बोटाने दाबून भरलं, सील लावलेला बूट चढवला, पट्ट्या आवळल्या. टॉर्चच्या उजेडात शिशाची चकती चमकत होती. सतरा. मापसाहेबांना फार दिवसांनी आपण नोकरीत असल्यासारखं वाटलं.

मिस्त्री उजवीकडे वळला आणि नेमका लेकीचा फोन आला. तिला सगळं सविस्तर हवं होतं, आणि गॅरेजात ठोकाठोकी चालू. मापसाहेब नाइलाजाने रस्त्यावर गेले. फोनवर त्यांनी तिला गोळ्यांचं वजन सांगितलं, तिने आईच्या गुडघ्यांचं विचारलं, त्यांनी ग्रीसच्या एका जादा ग्रॅमचं सांगितलं. अर्ध्या तासाने परत आले, तर मिस्त्री उजवं चाक लावत होता.

"थांब!" त्यांनी टॉर्च आत घातला. खोलवर, काळोखात, शिशाची चकती लकाकली. सतरा. अखंड. मापसाहेबांनी समाधानाने मान हलवली. छत्तीस वर्षांत ते दोनच गोष्टी बघत आले होते: आकडा बरोबर आहे का, आणि सील तुटलंय का.

मंगळवारी आणि गुरुवारी त्यांनी बाईंना टेकडीवर नेऊन आणलं. गाडी झकास. एवढी झकास, की मापसाहेबांना ती खोटी वाटली. म्हणून रोज संध्याकाळी ते गाडी रिकाम्या मैदानात नेत आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल गोल फिरवत, वळताना कट-कट असा आवाज येतो का ते ऐकत. डावीकडे वीस फेऱ्या, उजवीकडे वीस. मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या मंडळींनी तिसऱ्या दिवशी खेळपट्टी हलवली.

शुक्रवारी दुपारी त्यांनी पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून चाकांच्या आतून फिरवला. उजवीकडचा रुमाल धुळीचा आला. डावीकडचा काळा, चिकट.

मापसाहेब तिथेच उकिडवे बसून राहिले. उद्या अकराला मेव्हणा येणार. मिस्त्रीने फसवलं! सील शाबूत ठेवून आतला बूट बदलला, कसा बदलला हे देवाला ठाऊक, पण बदलला. त्यांनी घरात जाऊन कोरा कागद घेतला आणि पंचनामा लिहिला: आरोपी: मिस्त्री; आरोप: हलका माल बसवणे; मुद्देमाल: एक रुमाल. लिहिता लिहिता त्यांना बरं वाटायला लागलं. आपला संशय खरा ठरला की माणसाला दुःखातही एक प्रकारचं सुख होतं.

"मी येते बरोबर," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"साक्षीदार लागेल ना तुम्हाला." बाई काठी घेऊन उभ्याच होत्या.

शनिवारी सकाळी सातला गॅरेजचं शटर वर गेलं, तेव्हा दोघं बाहेर गाडीत बसलेली, सील ताडून बघायला आणलेली पक्कड समोरच्या कप्प्यात. मिस्त्रीने त्यांना पाहिलं आणि काही न विचारता जॅक आणला. जणू वाटच बघत होता. मापसाहेबांनी पंचनामा वाचायला तोंड उघडलं, तोवर चाक खाली आलं होतं.

"बघा," मिस्त्री म्हणाला.

मापसाहेबांनी टॉर्च धरला. बूट त्यांचाच होता. ओढून, वाकवून, हुंगून आणलेला. त्याच्या पहिल्या घडीत, बरोबर तारेच्या रेषेवर, सुरीने कापावी तशी गोल चीर गेली होती. चिरेतून ग्रीस पाझरत होतं. आणि तारेला शिशाची चकती लटकत होती. सतरा.

बाईंनी वाकून पाहिलं आणि काठीच्या टोकाने चकतीला हलकेच टिचकी मारली. "अहो, मुद्देमालावर सही तुमचीच आहे."

पण मापसाहेब इतक्यात हार मानणाऱ्यातले नव्हते. ते सरळ उभे राहिले. "ठीक आहे. तारेने चिरला. मग उजवीकडचा का नाही चिरला? तीच तार, तेच सील, तेवढ्याच फेऱ्या! बोल."

मिस्त्रीने कपाळ खाजवलं. मग त्याने उजवं चाकही काढलं. मापसाहेबांनी आत पाहिलं. बूट टवटवीत होता, कोरडा. आणि त्याच्या घडीत तार नव्हतीच. तार मागे, उघड्या दांड्यावर जाऊन बसली होती, वरून चिकटपट्टीचे दोन वेढे, म्हणजे खडखड नको. चकती तेवढी बाहेर ठेवलेली. सतरा, अखंड.

"सील काढलंस!" मापसाहेब ओरडले.

"काढलं नाही. सरकवलं."

"कधी?"

"तुम्ही फोनवर होतात."

"आणि डावीकडचं का नाही सरकवलंस?"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "साहेब, डावीकडे तुम्ही टॉर्च धरून बसला होतात. हात हलला असता तर म्हणाला असतात, बूट बदलला."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मापसाहेबांनी टॉर्च बंद केला. मग चालू केला. मग पुन्हा बंद केला. जिथे त्यांनी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला, तो बूट फाटला होता. जिथे पाठ फिरवली होती, तो वाचला होता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असला हिशेब त्यांनी कधी तोलला नव्हता.

"आता?" ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "अकराला मेव्हणा येणार. दुकान दहाला उघडतं."

मिस्त्री आत गेला आणि फळीवरून एक नवा बूट आणि ग्रीसचं पाकीट घेऊन आला. त्याच दुकानाचा, त्याच जातीचा. "मंगळवारीच आणून ठेवला."

मापसाहेबांच्या मनात शंका उसळलीच. आधीच आणून ठेवला? म्हणजे याला माहीत होतं! तोंडापर्यंत आलेलं वाक्य त्यांनी गिळलं, कारण माहीत होतं हे तर त्याने सोमवारी सांगितलंच होतं, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या शब्दासकट.

"एक अट," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही बाहेर बसा."

"बाहेर? कुठे बाहेर?"

"बाकावर. पाठ इकडे."

मापसाहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई आधीच बाकाच्या दिशेने निघाल्या होत्या.

तो दीड तास मापसाहेबांच्या आयुष्यातला सगळ्यात लांब. पाठीमागे हातोडीचा आवाज आला की त्यांचे खांदे उचलायचे. डब्यात डिझेल ओतल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी मनातल्या मनात गोळ्या मोजल्या. एकदा मान वळायला लागली, तर बाईंनी काठी आडवी धरली. शेवटी हाताला चाळा म्हणून त्यांनी खिशातला पंचनामा काढला. त्यातलं 'मिस्त्री' खोडलं आणि वर स्वतःचं पद लिहिलं. आरोप खोडून लिहिलं: नको तिथे सील लावणे आणि सांगितलेलं न ऐकणे. खाली माफीच्या दोन ओळी. तारीख.

मिस्त्रीने हात पुसत तो कागद वाचला. दोनदा वाचला.

"सही राहिली, साहेब."

मापसाहेबांनी सही केली. मजुरी त्यांनी न मागता दुप्पट पुढे केली. मिस्त्रीने बुटाचे आणि एकदाच्याच कामाचे पैसे घेतले आणि कागद फळीवर, पान्यांच्या वर, खिळ्याला लावला.

अकराला मेव्हणा आला. येताना भंगारवाल्यालाच घेऊन आला होता, म्हणजे उगाच दुसरी खेप नको. तो चालवायला बसला, बाई शेजारी, मागे मापसाहेब आणि भंगारवाला. भंगारवाला बसल्या बसल्या दार आतून ठोकून पत्र्याची जाडी अजमावू लागला.

पहिली तीन वळणं गाडी मांजरीसारखी चढली. मेव्हण्याचा चेहरा पडत चालला. चौथं वळण अगदी उलटं, केसांत खोचायच्या आकड्यासारखं. त्याने स्टीअरिंग पूर्ण वळवलं, आणि आवाज आला.

कट-कट. कट-कट-कट.

मेव्हणा उजळला. "ऐका भावजी! हाच तो आवाज. सांधा गेलाय!"

"गेलाय," भंगारवाल्याने दुजोरा दिला आणि दारावरचा हात काढून छतावर ठेवला.

मापसाहेबांचा जुना, इमानी संशय फणा काढून वर आला. दीड तास पाठ फिरवली होती. दीड तासात काय नाही होत? गोळ्या पाचच घातल्या असतील. जुनं ग्रीस भरलं असेल. गाडी थांबव, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण डोळ्यांसमोर तो काळोखातला उजवा बूट आला, कोरडा आणि टवटवीत.

"चालू दे," ते म्हणाले.

"अहो, पण आवाज..."

"सांधा शाबूत आहे. मिस्त्रीने सांगितलंय."

बाई मान वळवून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात, दुसऱ्या कुणीतरी सांगितलंय म्हणून एखादी गोष्ट खरी, असं या माणसाच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं.

पाचवं वळण. कट-कट-कट. बाईंनी कान दिला, मग हात पुढे करून समोरचा छोटा कप्पा उघडला. आत पुसायचं फडकं, गाडीचे कागद, आणि अशा उलट्या वळणाला इकडून तिकडे घरंगळणारी सील दाबायची पक्कड. बाईंनी ती उचलून मांडीवर घेतली.

सहावं वळण आलं. गाडी वळली. काहीही ऐकू आलं नाही, फक्त डिझेल इंजिनाची आपली नेहमीची कुरकुर. सातवंही तसंच. इस्पितळाच्या फाटकाशी गाडी उभी राहिली, वळली, आणि एकही तक्रार न करता खाली उतरली. भंगारवाल्याने दारावरचा आणि छतावरचा, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बरी चालते," मेव्हणा खाली उतरून म्हणाला. हे दोन शब्द काढायला त्याला मिस्त्रीपेक्षाही जास्त कष्ट पडले. मग त्याने किल्ली मापसाहेबांच्या हातावर ठेवली.

ते दोघं गेल्यावर मापसाहेबांनी खिशातून धुतलेला पांढरा रुमाल काढला. तो बोटाला गुंडाळला. डाव्या चाकापर्यंत गेले. वाकले. मग तसेच थांबले, सरळ झाले, आणि रुमाल बाईंच्या हातात दिला.

"मी बघणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही बघा."

बाईंनी काठी गाडीला टेकवली, हळूहळू वाकल्या, चाकाच्या आतून रुमाल फिरवला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यावर थोडी धूळ होती. दुसरं काही नव्हतं.

"उजवीकडचंही बघते," बाई म्हणाल्या.

"नको, नको," मापसाहेब घाईघाईने म्हणाले. "त्याच्यावर माझं सील आहे."

बाईंनी पक्कड पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन पूर्ण लावली.